गाढव, रानगाढव आणि सुटलेले गाढव

पेण आणि रोहा तालुक्यांतून आमच्या वसतिगृहात येणाऱ्या कित्येक मुलांचे आईवडील पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात. ओझे वाहणे म्हणजे काय, हे या मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. अशाच एका मुलाने अमेरिकेच्या वाळवंटात हिंडणाऱ्या ‘बरो’ या प्राण्याचे चित्र पाहून आम्हांस विचारले, ‘सर, हे गाढव आपल्या गाढवाहून वेगळ्या जातीचं आहे का?’ प्रश्न प्राणिशास्त्राचा होता. पण उत्तर देताना आम्हांस इतिहासाकडेच वळावे लागले.

‘बरो’ हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ गाढव एवढाच आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश लोकांनी गाढवे अमेरिका खंडात नेली. पुढे खाणींच्या मुलुखात ती मालवाहतुकीस जुंपली गेली. रेल्वे आणि मोटारी आल्या, खाणी ओस पडल्या, तेव्हा अनेक गाढवांना मालकांनी सोडून दिले. त्यांची संतती माळरानावर वाढली. १९७१ साली तेथे कायदा होऊन अशा मोकळ्या घोड्यांना व गाढवांना संरक्षण मिळाले. वंश तोच राहिला, दावे तेवढे सुटले.

खरे रानगाढव निराळे. गुजरातेत कच्छच्या छोट्या रणात ‘घुडखर’ आढळतो. नावाने गाढव असला तरी तो आपल्या गाढवाचा पूर्वज नव्हे. आशियाई रानगाढव ही स्वतंत्र प्रजाती आहे. १९६० च्या दशकात साथीच्या रोगाने घुडखरांची संख्या हजाराच्याही खाली गेली होती. संरक्षणामुळे २०२४ च्या गणनेत ती ७,६७२ भरली.

पाळीव गाढवाचा पूर्वज आफ्रिकी रानगाढव होय. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार सुमारे सात हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत माणसाने त्यास माणसाळविले. आज इरिट्रिया व इथिओपिया या भागांत हे रानगाढव थोडेच उरले आहेत. नाते कसे ओळखावे, याची एक खूण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. त्यांच्या संकरातून जन्मणाऱ्या खेचराची ६३, आणि खेचर बहुधा वांझ असते. बरो आणि पाळीव गाढव यांची संतती मात्र पुढे वाढते, कारण ती दोन्ही एकच होत.

आता या प्राण्याच्या वाट्याला आलेल्या अपमानाकडे पाहू. कोकणात शिलाहार काळापासून दानाच्या शिळांवर गाढवाचा शाप कोरलेला आढळतो. अशा शिळांस ‘गधेगाळ’ म्हणतात. परळ येथील इ.स. ११८७ चा लेख त्यांपैकीच. दान मोडणाराच्या आईला गाढवाच्या नावाने दिलेली ती शिवी आहे. अपराध पुरुषाचा, विटंबना स्त्रीची आणि साधन मुके जनावर! त्या शिळेवरून गाढवाचा स्वभाव कळत नाही. ती कोरविणाऱ्या समाजाचा कळतो.

प्रत्यक्षात हे जनावर काय करते? अमेरिकेच्या वाळवंटातील बरो कोरड्या पात्रात खुरांनी वाळू उकरून भूजलापर्यंत खड्डे खणतात आणि तेथे हरणे, पक्षी व इतर प्राणीही पाणी पितात, असे २०२१ साली संशोधकांनी नोंदविले आहे. हे वाचताना आम्हांस आपल्याच जिल्ह्यातील महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता.

त्या मुलास आम्ही सांगितले, ‘जात वेगळी नाही, बाळा. एकाच्या पाठीवर ओझे आहे, दुसऱ्याच्या पाठीवरचे उतरले आहे, इतकाच फरक.’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मग तुम्ही आम्हाला रागावून गाढव का म्हणता, सर?’

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. सम्यक वाणीचा पाठ आम्ही रोज देतो आणि तीस वर्षांच्या सवयीने वर्गात हाच शब्द वापरतो. त्या दिवसापासून आम्ही तो शिवी म्हणून उच्चारणे सोडले आहे. हे वाचणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी तो आमच्या तोंडून ऐकला असेल, त्यांची आम्ही या स्मरणिकेतून क्षमा मागतो.