‘लागणे’ : एका क्रियापदाची अनेकार्थता आणि जालना जिल्ह्यातील व्यवहारभाषा

१.

इंग्रजीच्या तासाला ‘गेट’ हे क्रियापद शिकवताना त्याच्या अर्थांची यादी फळ्यावर लिहून देण्याची पद्धत रूढ आहे. मिळणे, होणे, पोहोचणे, समजणे हे अर्थ आधी येतात. त्यामागून ‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट अलाँग’ अशी जोडक्रियापदे येतात. विद्यार्थी ती पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. अशाच प्रकृतीचे एक क्रियापद तो आपल्या भाषेत दिवसभर बिनचूक वापरत असतो. त्याकडे मात्र त्याचे लक्ष वेधले जात नाही. ते क्रियापद म्हणजे ‘लागणे’. जालना जिल्ह्यातील शेती व श्रम यांच्या व्यवहारभाषेच्या आधारे या क्रियापदाच्या अर्थव्यवस्थेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२.

‘लागणे’चे मूळ संस्कृत ‘लग्’ या धातूत आहे. चिकटणे, संलग्न होणे हा त्याचा अर्थ. प्राकृतातील ‘लग्ग’वरून मराठीत ‘लाग’ आला. ‘लगत’, ‘लागू’, ‘लागण’ हे शब्द याच कुळातले. ‘लग्न’ हाही त्याच धातूपासून सिद्ध झालेला शब्द असल्याने ‘लग्न लागले’ या वाक्यात एकच धातू दोनदा येतो. एकदा तत्सम रूपात आणि एकदा तद्भव रूपात. ‘लागण’ हा शब्द उसाच्या बेण्याच्या रोवणीलाही चालतो आणि रोगाच्या संसर्गालाही चालतो. वरवर विरोधी भासणारे हे दोन अर्थ स्पर्शाच्या मूळ कल्पनेत एकत्र येतात.

कोशकार स्वाभाविकपणेच अर्थ सुटे करून मांडतो. मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती, १८५७) ‘लागणे’ची नोंद अशीच अनेक अर्थांत विभागलेली आहे. परंतु कोशाने सुटे केलेले अर्थ बोलणाऱ्याच्या मनात कशाने बांधलेले असतात, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर वाक्यरचनेत शोधावयास हवे.

३.

जालना हा मोसंबीचा जिल्हा. येथील बागाईतदार हिवाळ्यात बाग ताणावर सोडतो, नंतर पाणी देऊन आंबे बहर धरतो. या कामाच्या बोलण्यात पुढील वाक्ये नित्याची आहेत : ‘विहिरीला पाणी लागले’, ‘झाडाला फळ लागले’, ‘फळाला कोळी लागला’. त्यांच्या शेजारी घरातील वाक्ये ठेवावीत : ‘पोराला भूक लागली’, ‘म्हाताऱ्याला धाप लागली’, ‘मुलाला नोकरी लागली’. बसस्थानकावर ‘गाडी फलाटाला लागली’ असे म्हणतात आणि घाटात ‘प्रवाशाला गाडी लागली’ असेही म्हणतात.

या सर्व वाक्यांचा साचा एकच आहे : ‘अमक्याला तमके लागणे’. ज्याला स्पर्श होतो त्याला ‘ला’ हा प्रत्यय लागतो. जे येऊन भिडते ते प्रथमेत राहते आणि क्रियापद त्याच्याशी जुळते. पाणी, फळ, कीड, भूक, नोकरी या गोष्टी अर्थाने एकमेकींपासून दूर असल्या तरी व्याकरणाच्या दृष्टीने त्या एकाच जागी बसतात. ‘तो मला मामा लागतो’ या वाक्यातील नातेही याच साच्यात मावते.

या साच्याला मर्यादाही आहेत. ‘खटल्याचा निकाल लागला’, ‘पिकाची वाट लागली’ अशा वाक्यांत ‘ला’ऐवजी षष्ठी येते. तेथे नाम आणि क्रियापद मिळून एकजीव वाक्प्रचार झालेला असतो.

‘गेट’शी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. इंग्रजी क्रियापद ‘अप’, ‘ओव्हर’ यांसारख्या दिशादर्शक अव्ययांची जोड घेऊन नवा अर्थ कमावते. मराठी क्रियापद हे काम नामाच्या विभक्तिरूपाकडून किंवा शब्दयोगी अव्ययाकडून करून घेते : मार्गी लागणे, हाती लागणे, नादी लागणे, जिव्हारी लागणे, मागे लागणे. साधने भिन्न असली तरी अर्थविस्ताराचे तत्त्व समान आहे.

४.

सहायक क्रियापद म्हणून ‘लागणे’ दोन कामे करते. ‘पाऊस पडू लागला’ यात ते आरंभ दर्शविते. मराठवाड्याच्या बोलीत अशी रचना चालू क्रियाही सांगू शकते. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. ‘त्याला जावे लागले’ यात ते अपरिहार्यता दर्शविते. येथेही साचा तोच आहे. केवळ ‘पाणी’ किंवा ‘भूक’ यांच्या जागी ‘जावे’ हे रूप आले आहे. इंग्रजीत ‘हॅव गॉट टू’ ही सक्तीची रचना जवळ असण्याच्या कल्पनेतून घडली, तर मराठीत सक्ती ही स्पर्शाच्या कल्पनेतून घडली. झाडाला कीड लागावी, तसे माणसाला ‘जावे’ लागते.

या रचनेचा परिणाम व्याकरणापुरता राहत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळल्या. ‘टँकर लागले’, ‘बाग तोडावी लागली’ ही त्या काळाची वाक्ये. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराच्या तोंडी ‘उचल घ्यावी लागली’, ‘पोराची शाळा सोडावी लागली’ अशी वाक्ये येतात. यांपैकी एकाही वाक्यात सक्ती करणारा नाही. मुकादम नाही, कारखाना नाही, सावकार नाही. जे घडले ते पावसासारखे किंवा रोगासारखे येऊन लागले, असे वाक्यरचना सुचविते.

मराठीजवळ याचे सकर्मक जोडरूप आहे : ‘लावणे’. ‘आग लागली की लावली?’ हा प्रश्न गावात सहज विचारला जातो. त्याच धर्तीवर ‘उचल घ्यावी लागली’ आणि ‘उचल घ्यायला लावली’ ही दोन वाक्ये समोरासमोर ठेवावीत. दुसऱ्या वाक्यात कर्त्याची जागा निर्माण होते आणि ‘कोणी?’ हा प्रश्न टाळता येत नाही. भाषा सक्तीचा कर्ता लपविते असे सरसकट म्हणणे योग्य नव्हे. दुष्काळाला खरोखरच एक कर्ता नसतो; तेथे ‘लागणे’ हेच अचूक क्रियापद ठरते. मात्र ‘लावणे’ शक्य असताना ‘लागणे’ वापरले जाते, तेव्हा ती निवड असते, आणि अभ्यासकाने तिची नोंद घ्यावयास हवी.

५.

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून संयुक्त क्रियापदांची चर्चा मराठीत होत आली आहे. ती वर्गीकरणापाशी न थांबता उपयोजनापर्यंत न्यावयास हवी. महाविद्यालयीन अध्यापनात याची सुरुवात साधेपणाने करता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील ‘लागणे’ची वाक्ये जमवावीत, ‘ला’ कोणाला लागतो ते पाहावे आणि प्रत्येक वाक्य ‘लावणे’ वापरून फिरवून बघावे. जेथे वाक्य फिरते तेथे कर्ता कोण, हे लिहावे. असा विद्यार्थी ‘गेट’ची यादी समोर आल्यावर तिच्यातही सूत्र शोधील, कारण एकाच क्रियापदाचे अनेक अर्थ एका मुळाशी कसे बांधलेले असतात, हे त्याने स्वतःच्या भाषेत तपासून पाहिलेले असेल.