टपरीवरची सिगारेट आणि पगारातली कपात

प्रश्न : चाकण एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी मशीन ऑपरेटर आहे. पर्मनंट आहे, पगार २४,००० रुपये. आमच्याकडे साडेचारशे कायम कामगार आहेत. मध्यंतरी बोर्डावर परिपत्रक लागलं : कंपनी 'व्यसनमुक्त' करायची आहे, तेव्हा ड्यूटीवर आणि ड्यूटीबाहेरही बिडी, सिगारेट, तंबाखू, दारू घेणार नाही असं हमीपत्र प्रत्येकाने द्यावं. पुढच्या मेडिकलला रक्तही तपासणार म्हणतात. मी सही केली नाही. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर सिगारेट ओढत होतो, तेव्हा सिक्युरिटीने मोबाइलवर फोटो काढला. त्या महिन्याच्या पगारातून १,००० रुपये कापले, स्लिपवर 'शिस्तभंग' लिहिलं आहे. पुन्हा सापडलास तर चौकशी लावू, असं एचआर सांगतं. कंपनीला हे करता येतं का? — एक कामगार, चाकण

उत्तर : आधी पैशांचं बघू, कारण तिथे कंपनीची बाजू सगळ्यात कच्ची आहे. मालकाने मनाला येईल तेव्हा दंड कापू नये, हा बंदोबस्त १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातच झाला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या, त्यातल्या वेतन संहितेत तो जवळपास तसाच उतरला आहे. कोणत्या कृत्यांसाठी दंड होईल याची यादी कंपनीने सरकारकडून आधी मंजूर करून घ्यायची, ती कामाच्या जागी लावायची आणि दंड करण्यापूर्वी कामगाराचं म्हणणं ऐकायचं. तुम्हाला कुणी काही विचारलेलं दिसत नाही. थेट स्लिपच हातात आली.

त्यातून एका वेतनकाळातला एकूण दंड त्या काळच्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही. २४,००० चे तीन टक्के ७२० होतात. म्हणजे यादी मंजूर असती, टपरीवरची सिगारेट त्या यादीत असती आणि तुमचं म्हणणं ऐकून घेतलं असतं, तरीही हजार कापता आले नसते. दंडाची रक्कम नोंदवहीत लिहावी लागते आणि ती कामगारांच्या हितासाठीच खर्चावी लागते. तेव्हा एचआरला लेखी अर्ज द्या : मंजूर यादीची प्रत द्यावी आणि दंडाच्या नोंदवहीतली माझी नोंद दाखवावी. एवढ्या दोन ओळींनी पुष्कळ ठिकाणी पुढच्या पगारात पैसे परत आलेले मी पाहिले आहेत. नाही आले, तर वेतन संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे आणि तो तुमच्या वतीने युनियनलाही करता येतो.

आता मूळ परिपत्रकाकडे. शिस्तीचा नवा नियम आणणं हा सेवाशर्तींतला बदल आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तो होता, आता औद्योगिक संबंध संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. स्थायी आदेशांत आधीपासून नसलेला नियम आणायचा, तर कामगारांना २१ दिवसांची रीतसर नोटीस द्यावी लागते. बोर्डावर कागद चिकटवला म्हणजे नोटीस झाली, असा समज व्यवस्थापनांमध्ये फार खोल रुजला आहे. तुमच्या कंपनीत तीनशेहून जास्त कामगार आहेत, म्हणजे नव्या संहितेनुसारही स्थायी आदेश लागतातच. त्यांची मराठी प्रत मिळवा आणि 'गैरवर्तना'चं कलम शब्द न् शब्द वाचा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, जिथे धूम्रपानाला मनाई आहे अशा आवारातलं धूम्रपान गैरवर्तन आहे; दारूची झिंग, दंगामस्ती हेसुद्धा आस्थापनेच्या आवारातलं. आवार हा शब्द तिथे उगीच आलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा वाद ग्लॅक्सो लॅबोरेटरीज विरुद्ध मीरतचं कामगार न्यायालय या प्रकरणात आला. निकाल १९८३ चा, न्यायमूर्ती देसाईंचा. संपाच्या काळात कामावर जाणाऱ्यांना कारखान्याबाहेर अडवलं, असा आरोप होता. तिथल्या स्थायी आदेशात 'आवारात किंवा लगतच्या परिसरात' असे शब्द होते. कंपनीचं म्हणणं असं की कृत्य कुठेही झालं तरी परिसराचा अर्थ ताणून शिक्षा करता यावी. न्यायालयाने ते मानलं नाही. मालकाची सत्ता आवाराबाहेर फारशी पोचत नाही, तो काही गावची कायदा-सुव्यवस्था राखणारा नाही आणि कामगारांना संस्कार लावणारा गुरूही नाही, अशा आशयाचं त्यात आहे. कामगार चळवळीतली माणसं आजही तो निकाल तोंडपाठ सांगतात. तुमच्या स्थायी आदेशात 'लगतचा परिसर' असे शब्द निघाले, तर कंपनी गेटसमोरची टपरी त्यात बसवायला बघेल. तेव्हा विचारायचं एवढंच की शिफ्ट संपल्यावर ओढलेल्या सिगारेटचा कामाशी संबंध काय.

दुसरा निकाल ए. एल. कालरा यांच्या प्रकरणातला, १९८४ चा. 'कर्मचाऱ्याने उच्च आचरण ठेवावं' अशा गोळाबेरीज वाक्यावर शिक्षा देता येत नाही, गैरवर्तन म्हणून जे नेमकं लिहिलं आहे त्यावरच देता येते, असं त्यात ठरलं. तुमचं 'व्यसनमुक्त' परिपत्रक याच जातीचं दिसतं.

मात्र यावरून गेटबाहेर पाऊल पडलं की कंपनीचा संबंध तुटला, असं समजू नका. सुपरवायझरने मेमो दिला म्हणून त्याला बाहेर गाठून मारलं, तर त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी शॉपफ्लोअरवर दिसतो. मुलचंदानी इलेक्ट्रिकल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच अशा बाहेरच्या मारहाणीला शिस्तभंग मानलं होतं. रात्रीची दारू सकाळी प्रेसवर उभं राहताना उतरलेली नसेल, तर प्रश्न रात्रीचा उरत नाही. विमानाच्या वैमानिकाला तर उड्डाणाआधीचे १२ तास मद्य वर्ज्य आहे, मग ते तास त्याच्या सुट्टीतले का असेनात. तिथे शेकडो माणसांचा जीव त्याच्या हातात असतो. सॉल्व्हंट, पेंटशॉप, गॅसच्या टाक्या असलेल्या भागात काडेपेटी खिशात ठेवायलाही बंदी असते आणि ती हवीच. आवारातल्या सिगारेटबद्दल तर वादच नको : २००३ च्या तंबाखू कायद्याखालच्या नियमांनी २ ऑक्टोबर २००८ पासून कामाची जागा 'सार्वजनिक ठिकाण' मानली आहे, दंड २०० रुपयांपर्यंत, आणि बंदी पाळली जाते की नाही हे बघण्याची जबाबदारी जागेच्या चालकावर टाकली आहे. तोच कायदा उघड्या जागेला मात्र व्याख्येतून वगळतो. तुमची टपरी रस्त्याकडेला उघड्यावर असेल, तर तिथे तुम्ही तो कायदाही मोडलेला नाही.

रक्ताच्या तपासणीबद्दल. बहुधा कोटिनिन तपासणार असतील. निकोटिन शरीरात मोडलं की ते तयार होतं आणि काही दिवस सापडत राहतं. गंमत अशी की सिगारेट सोडण्यासाठी जो निकोटिनचं गम चघळतो किंवा पॅच लावतो, त्याच्याही रक्तात ते निघतं. म्हणजे सोडू बघणारा नापास, आणि तपासणीआधी आठवडाभर कळ काढणारा पास. धोकादायक प्रक्रियांत काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी कायद्यानेच ठरवली आहे; तिला नाही म्हणू नका, ती तुमच्याच भल्याची आहे. पण ती कामामुळे होणाऱ्या आजारांसाठी. त्याच नळीतल्या रक्तावर निकोटिनची चाचणी करायची, तर ती कशासाठी, अहवाल कुणाकडे जाणार, हे लेखी विचारा आणि तेवढ्या चाचणीला संमती नाही असं फॉर्मवर लिहून सही करा.

हमीपत्रावर सही न केल्याबद्दल तुम्हाला नोटीस आली, तर मुदतीत उत्तर द्या. 'उत्तरच देणार नाही' हा बाणा चौकशीत महागात पडतो. आणि घरच्यांना बरं वाटावं, साहेब खूश व्हावेत म्हणून 'मी सेवन करत नाही' असं खोटं मात्र कुठेच लिहू नका. सिगारेट ओढणं गैरवर्तन ठरणार नाही कदाचित, पण लेखी खोटी माहिती हा वेगळा आरोप होऊ शकतो. मुदत विम्याच्या अर्जावर तर हे आणखी जपून. तिथे धूम्रपान लपवलं आणि पहिल्या तीन वर्षांत काही बरंवाईट झालं, तर विमा कंपनी ते कारण दाखवून दावा नाकारू शकते, नुकसान बायकोमुलांचं.

कंपनीने सोडणाऱ्यांना बक्षीस दिलं, समुपदेशक आणला, तर त्याला विरोध करू नका. मिळत असलेला भत्ता काढून तोच 'व्यसनमुक्ती भत्ता' या नावाने परत देऊ केला, तर करा. आणि स्वतःला खरंच सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे बोललेलं एचआरला कळत नाही.

हे सगळं पर्मनंट कामगाराला लागू. तुमच्या शेजारच्या मशीनवरच्या कंत्राटी पोराला टपरीवर पकडलं, तर त्याला ना दंड, ना नोटीस. ठेकेदार 'उद्यापासून येऊ नको' म्हणतो, एवढंच. ग्लॅक्सोचा निकाल त्याच्या कामाचा नाही असं नाही, पण तो न्यायालयापर्यंत पोचणार कसा? युनियनने परिपत्रकाविरुद्ध अर्ज करताना त्याचाही उल्लेख करावा, असं मला वाटतं.

प्रश्न : माझा मुलगा फिजिओथेरपिस्ट आहे, अमेरिकेत ओहायो राज्यात. नव्या हॉस्पिटलने ऑफर दिली आहे, पण रुजू होण्याआधी लघवीत निकोटिन आढळलं तर ऑफर रद्द, असं लिहिलं आहे. तो अधूनमधून ओढतो. हे कायदेशीर आहे का? — एक आई, ठाणे

उत्तर : दुर्दैवाने, ओहायोत आहे. अमेरिकेत बहुतेक खासगी नोकऱ्या 'मालकाच्या मर्जीवर' असतात. निम्म्याहून जास्त राज्यांनी कामाबाहेर धूम्रपान करणाऱ्यांना संरक्षण देणारे कायदे केले आहेत, पण ओहायो त्यांत नाही. क्लीव्हलँड क्लिनिक या तिथल्या प्रसिद्ध रुग्णालयाने २००७ पासून धूम्रपान करणाऱ्यांना नव्याने घेणं बंद केलं. त्याआधी २००५ मध्ये शेजारच्या मिशिगनमध्ये वेको नावाच्या कंपनीने निकोटिन चाचणी नाकारणाऱ्या कर्मचाऱ्यांना काढलं, तेही कायद्यात बसलं. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा त्याच वर्षाअखेर असंच भरतीचं धोरण स्वीकारलं. हाच मुलगा न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये असता, तर उत्तर बरंच वेगळं आलं असतं.

आणखी एक खर्चाची बाब. तिथल्या आरोग्य विमा कायद्यानुसार तंबाखू सेवन करणाऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत जादा हप्ता लागू शकतो. कंपनीच्या सामूहिक योजनेत असा भार लावायचा असेल, तर सोडण्याच्या कार्यक्रमात भाग घेऊन तो टाळण्याची सोय द्यावी लागते. त्याने ती सोय विचारून घ्यावी. चाचणीत गम-पॅचची सवलत आहे का, तेही आधी विचारावं. बदली नमुना देण्याची युक्ती कुणी सुचवली, तर ऐकू नये. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला असेल.

प्रश्न : मी टपाल खात्यात आहे. मित्राच्या हळदीत मी नाचताना, हातात ग्लास असतानाचा व्हिडिओ कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. साहेबांनी खुलासा मागितला आहे. सुट्टीच्या दिवशी मी काय करतो याच्याशी खात्याचा काय संबंध? — सातारा

उत्तर : तुमच्या बाबतीत आहे. वरच्या चाकणच्या कामगाराचं उत्तर वाचून हुरूप आला असेल तर तो आवरा. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ चा नियम २२ सुट्टीच्या दिवशीही लागू असतो. सार्वजनिक ठिकाणी मद्य घेऊ नये, नशेत सार्वजनिक ठिकाणी दिसू नये आणि ज्या भागात असाल तिथला दारूविषयक कायदा काटेकोर पाळावा, असं तो सांगतो. हे शेवटचं महाराष्ट्रात फार लोकांच्या ध्यानात नसतं. १९४९ चा दारूबंदी कायदा इथे अजून जिवंत आहे आणि दारू प्यायला परवाना लागतो. तुमच्याकडे तो आहे का, हे आधी तपासा. साहेबांच्या पुढच्या पत्रात तो प्रश्न येऊ शकतो.

खुलासा थोडक्यात द्या. हळद कुणाच्या खासगी अंगणात होती की भाड्याच्या कार्यालयात, आत फक्त निमंत्रित होते की कुणालाही येता येत होतं, यावर 'सार्वजनिक ठिकाण' ठरेल, तेव्हा जागेची माहिती नेमकी लिहा. ग्लासात सरबत होतं असं सिद्ध करता येत नसेल तर लिहू नका. नाचण्याबद्दल काही लिहायची गरज नाही, त्याला नियमात मनाई नाही.