इंग्रजीच्या पाठात पिल्लांची नावे

प्राथमिक शाळेतील इंग्रजीच्या पाठांत प्राण्यांच्या पिल्लांच्या नावांचा पाठ वरवर पाहता अत्यंत सुलभ वाटतो. शिक्षक फळ्यावर दोन रकाने आखतात. एकात प्राण्याचे व दुसऱ्यात पिल्लाचे नाव लिहितात. आणि वर्ग एका सुरात ‘काऊ–काफ, डॉग–पपी, कॅट–किटन’ असे घोकू लागतो. चार दिवसांत यादी तोंडपाठ होते. परंतु पाचव्या दिवशी शाळेच्या आवारात एखादे करडू शिरले असता त्यास इंग्रजीत काय म्हणतात असे विचारावे, तर पुष्कळ मुले ‘काऊ’पासून आरंभ करून मनातल्या मनात करडापर्यंत पोहोचू पाहतात. त्यांच्या मनात तो शब्द यादीशी जोडला गेलेला असतो. समोरच्या करडाशी त्याचा संबंध जडलेलाच नसतो.

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. खेड्यातील बालकाच्या कानावर शाळेबाहेर ही भाषा फारशी पडत नाही. म्हणून नवा शब्द त्याच्या पूर्वीच्या दृढ अनुभवाशी जोडून देणे हाच शिक्षकाचा मुख्य आधार होय. असा अनुभव पिल्लांच्या बाबतीत खेड्यातील मुलाजवळ विपुल असतो. कोणती शेळी केव्हा व्याली, कोणते कोकरू आईला लुचत नाही, हे मेंढपाळाच्या मुलास शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. एरवी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारे मूल या पाठात पुढे येऊ शकते. ती संधी यादीच्या घोकंपट्टीत दवडू नये.

दोन भाषांतील भेद

पाठ घेण्यापूर्वी शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मराठी व इंग्रजी या दोन भाषांनी पिल्लांची वाटणी निरनिराळ्या रीतीने केली आहे. मराठीत गाईचे ते वासरू व म्हशीचे ते रेडकू किंवा पारडू; शिवाय कालवड, गोऱ्हा, वगार असे भेद घरोघरी बोलले जातात. इंग्रजीत मात्र या सर्वांना ‘काफ’ हा एकच शब्द चालतो. इतकेच नव्हे, तर हत्तीच्या व देवमाशाच्या पिल्लासही ‘काफ’च म्हणतात. म्हशीचे असे स्पष्ट सांगावयाचे असल्यास ‘बफेलो काफ’ म्हणावे लागते.

उलटपक्षी, कुत्रा, मांजर, कोंबडी व बदक यांच्या बाबतीत मराठी ‘पिल्लू’ या एकाच शब्दावर काम भागविते. तेथे इंग्रजी अनुक्रमे ‘पपी’, ‘किटन’, ‘चिक’ व ‘डकलिंग’ असे वेगळे शब्द योजते. काही ठिकाणी दोन्ही भाषा जुळतात. घोड्याचे व गाढवाचे पिल्लू मराठीत शिंगरू, तर इंग्रजीत दोहोंचेही ‘फोल’. मेंढीचे कोकरू म्हणजे ‘लॅम’ आणि शेळीचे करडू म्हणजे ‘किड’. वाघ, सिंह, अस्वल व कोल्हा यांच्या पिल्लांस ‘कब’ म्हणतात.

हा भेद मुलांपुढे उघडपणे मांडावा. “आपण वासरू व रेडकू असे दोन शब्द वापरतो, इंग्रज मनुष्य एकच वापरतो,” असे सांगितले म्हणजे आपली भाषा उणी आहे अशी समजूत मुलांच्या मनात घर करीत नाही. मुलाने घरचा शब्द उच्चारला असता “तसे नव्हे, काफ म्हण” असे दरडावू नये. घरचा शब्द आदराने ऐकून घ्यावा, फळ्यावर लिहावा आणि मग त्याच्या शेजारी इंग्रजी शब्द ठेवावा.

पूर्वतयारी

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी कार्य केले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येईना, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तीच ‘कुरणशाळा’ म्हणून प्रसिद्ध झाली. प्रस्तुत पाठासाठी एवढा मोठा उपक्रम आवश्यक नाही. शाळेजवळचा एखादा गोठा किंवा शेळ्यांचा वाडा मालकाच्या संमतीने पाहून यावा, म्हणजे पुरे.

अशा भेटीच्या वेळी सावधगिरी बाळगावी. नुकतीच व्यालेली गाय वा म्हैस मारकी होऊ शकते आणि पिल्लांची कुत्री चावण्याचा संभव असतो. म्हणून मुलांनी दुरूनच पाहावे. कुत्रा, मांजर किंवा त्यांचे पिल्लू चावल्यास अथवा ओरबाडल्यास ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व मुलास विनाविलंब आरोग्यकेंद्रात न्यावे. चावा लहान पिल्लाचा आहे म्हणून दुर्लक्ष करू नये.

पाठाचे टप्पे

पहिल्या दिवशी मुलांना बोलण्याचा आग्रह करू नये. शिक्षकांनी चित्र किंवा प्रत्यक्ष प्राणी दाखवून “धिस इज अ किड” असे सावकाश म्हणावे आणि नंतर “शो मी द किड” म्हटल्यावर मुलांनी केवळ बोट दाखवावे. एका दिवशी चार शब्दांहून अधिक शब्द घेऊ नयेत. पहिले चार शब्द गावात नित्य दिसणाऱ्या पिल्लांचेच असावेत. ‘कब’ मागाहून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी कृती घ्यावी. “जंप लाइक अ किड”, “वॉक लाइक अ डकलिंग” अशा आज्ञा द्याव्यात व मुलांनी त्या हालचालींनी पाळाव्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात आज्ञा ऐकून हालचाल करण्याच्या याच तत्त्वावर भाषाशिक्षणाची एक पद्धती मांडली. तीमध्ये मूल आधी ऐकते व कृती करते. बोलणे मागाहून येते. दोन इयत्ता एकत्र बसणाऱ्या शाळेत वरच्या इयत्तेतील मुलांनी आज्ञा द्याव्यात व धाकट्यांनी त्या पाळाव्यात. त्यामुळे दोन्ही इयत्तांचा अभ्यास एकाच वेळी साधतो.

तिसऱ्या दिवशी मुलांनी बोलावे. या ठिकाणी व्याकरणाचा एक लाभ सहज पदरात पडतो. मराठीत खुर्ची ती व फळा तो. म्हणून आपली मुले इंग्रजीतही निर्जीव वस्तूस ‘शी’ किंवा ‘ही’ म्हणण्याची चूक करतात. परंतु वासरू, करडू, कोकरू, शिंगरू व पिल्लू हे सारे शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत. “ते करडू आहे, ते लहान आहे” या वाक्यांवरून “इट इज अ किड, इट इज स्मॉल” येथे जाणे मुलांस सोपे वाटते. ‘इट’ या शब्दाचा परिचय याच पाठात करून द्यावा.

उच्चार व लेखन

लेखन सर्वांत शेवटी यावे. ‘काफ’ लिहिताना मध्ये ‘एल’ येतो व ‘लॅम’ लिहिताना शेवटी ‘बी’ येतो. ही दोन्ही अक्षरे उच्चारावयाची नाहीत. शब्द आधी कानाने पक्का झाला असेल तर अक्षरे पाहून मूल ‘काल्फ’ किंवा ‘लॅम्ब’ असे म्हणणार नाही. अनेकवचनात ‘काफ’चे ‘काव्ह्ज’ होते, हे एकदा सांगून ठेवावे.

‘किटन’, ‘किचन’ व ‘चिकन’ या तीन शब्दांत मुलांचा हमखास गोंधळ होतो. मांजराच्या पिल्लाचे, चुलीचे व कोंबडीचे अशी तीन चित्रे भिंतीवर लावून शब्द उच्चारताच योग्य चित्राकडे धावण्याचा खेळ घ्यावा. ‘किड’ म्हणजे करडू व बोलीत लहान मूलही, हे कळल्यावर वर्गात हशा पिकेल. तो पिकू द्यावा. त्या हशातच शब्द लक्षात राहतो.

‘पेट’ या शब्दाविषयी

पाठ्यपुस्तकांत ‘पेट’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘पाळीव प्राणी’ असा दिला जातो. तो अपुरा आहे. आपल्याकडे बैल, म्हैस व शेळी हे सारे पाळीवच. परंतु इंग्रजीत कामासाठी वा दुधासाठी पाळलेल्या जनावरास ‘डोमेस्टिक ॲनिमल’ म्हणतात आणि केवळ लोभाने बाळगलेल्या प्राण्यास ‘पेट’ म्हणतात. तथापि एखाद्या मुलीने आई दगावलेल्या करडास बाटलीने दूध पाजून वाढविले असेल व ती “माय पेट इज अ किड” म्हणत असेल, तर तिचे वाक्य अचूक आहे. त्यावर चुकीची खूण करू नये.

हेच करडू पुढे बाजारात विकले जाण्याचा संभव असतो. तसे घडले असल्यास त्या विषयावर मुलीस वर्गापुढे बोलावयास लावू नये. त्याचप्रमाणे ज्याच्या घरी एकही जनावर नाही, अशा मुलास “तुझा पेट कोणता?” असे विचारून अवघडल्यासारखे करू नये. “आय हॅव” या वाक्याबरोबरच “आय लाइक” हेही वाक्य शिकवावे, म्हणजे प्रत्येकास सांगण्याजोगे काही राहील.

मूल्यमापन

यादी म्हणून दाखविणे ही या पाठाची परीक्षा मानू नये. चित्रे क्रम मोडून दाखवावीत आणि येता-जाता दिसणाऱ्या पिल्लाकडे बोट करून “व्हॉट इज धिस?” असे विचारावे. मूल जर न अडखळता “इट इज अ लॅम” म्हणाले, तर शब्द त्याचा झाला असे समजावे. आठवड्याअखेर प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका पिल्लाचे चित्र काढावे, त्याखाली घरचे नाव मराठीत व शेजारी इंग्रजी नाव लिहावे. ही चित्रे वर्गात लावावीत आणि पालकसभेच्या दिवशी मुलांनीच ती आपल्या आईवडिलांना वाचून दाखवावीत. ज्या पालकांना इंग्रजीचे एकही अक्षर येत नाही, त्यांनाही आपल्या गोठ्यातील वासरू त्या कागदावर ओळखता येईल.