दुखणे विचारावे, मोजावे, लिहावे



आपल्यापैकी पुष्कळांचे मुंबईतले बिऱ्हाड विक्रोळीला असते. कुणाचा भाऊ कन्नमवारनगरात, कुणाची लेक टागोरनगरात. गावाकडचा पेशंट मुंबईच्या इस्पितळात न्यायचा झाला की मुक्काम तिथेच पडतो. गळीत हंगाम संपल्यावर आमच्या आत्याच्या पोटाचे ऑपरेशन ठरले आणि आम्हीही विक्रोळीला बहिणीकडे उतरलो. घरी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली भाची अभ्यास करीत बसली होती. तिच्या पुढ्यातला एक प्रश्न आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे, म्हणून येथे देत आहोत.

पोटाच्या ऑपरेशननंतरचा पहिला दिवस. दोन खाटांवर २५ वर्षांचे दोन तरुण. नाडी, रक्तदाब, श्वास दोघांचेही सारखे. पहिला हसतो, भेटायला आलेल्याची चेष्टा करतो. दुसरा गप्प पडून आहे, कूस बदलताना तोंड वाकडे करतो. ० म्हणजे अजिबात दुखत नाही आणि १० म्हणजे असह्य, असे सांगून विचारले तर दोघेही म्हणतात, "आठ." सिस्टरने कागदावर कोणाचे किती लिहावे?

भाचीने पहिल्याला चार दिले, दुसऱ्याला आठ. "मामा, ज्याला आठ दुखतं तो हसेल का?" आम्हालाही ते पटले. पण पुस्तकातले बरोबर उत्तर होते, दोघांनाही आठ.

हा प्रश्न बेटी फेरेल व मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन परिचारिकांनी १९८७ साली तयार केलेल्या प्रश्नावलीतला आहे. अनेक देशांत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ती दिली गेली. कण्हणाऱ्याचे उत्तर पुष्कळांना येते, हसणाऱ्याचे चुकते, असे वारंवार दिसून आले. दुखणे किती, हे ज्याचे दुखते तोच सांगणार, हे मॅककॅफरी १९६८ पासून शिकवीत होत्या.

आपल्या भाषेत सांगायचे तर, कारखान्यावर उसाची गाडी नुसती पाहून कोणी टनेज लिहीत नाही. गाडी काट्यावर घ्यावी लागते. दुखण्याचा काटा पेशंटच्या तोंडी आहे. तो सोडून नजरेने वजन केले की माप मारले जाते.

आता नेहमीच्या चार गैरसमजुती पाहू.

१) "झोपलाय, म्हणजे दुखत नाही." थकल्यावर दुखतानाही डोळा लागतो. शिवाय आपली माणसे सोसण्यात मोठेपणा मानतात. सासऱ्यापुढे सून कण्हत नाही, म्हातारा डॉक्टरांपुढे "बरं हाय" म्हणतो. म्हणून "बरं आहे का?" असे न विचारता "कुठं दुखतंय? किती? खोकताना दुखतंय का?" असे विचारावे.

२) "तान्ह्या बाळाला कळत नाही." फार वर्षे डॉक्टर मंडळींतही हा समज होता. डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डला अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील ऑपरेशनांचा अभ्यास करून १९८७ साली तो खोडून काढला. वेदनाशामक नीट दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडला.

३) "मॉर्फिन दिले की व्यसन लागते." कॅन्सरच्या दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तीन पायऱ्या सांगितल्या. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी गोळी, न भागल्यास कोडीन, आणि तीव्र दुखण्याला मॉर्फिन. तेही घड्याळ लावून, दुखणे उसळण्याची वाट न पाहता. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणे अवघड झाले होते. २०१४ साली त्यात दुरुस्ती करून वाट सोपी केली. मात्र औषध जपूनच द्यायचे. अमेरिकेत जुनाट दुखण्यांसाठी अशी औषधे सैल हाताने वाटली गेली आणि फार माणसे व्यसनात सापडली. म्हणून डॉक्टरांनी ठरवलेला डोस द्यावा, श्वास व गुंगी पाहावी, बद्धकोष्ठाकडे लक्ष ठेवावे. भीतीपायी पेशंटला तळमळत ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

४) "पाण्याचे इंजेक्शन देऊन बघा, ढोंग असेल तर कळेल." त्याने आराम पडला तरी दुखणे खोटे ठरत नाही. विश्वासानेही शरीराला काही काळ उतार पडतो. फसवणूक उघडी पडली की मात्र पेशंटचा सिस्टरवरचा विश्वास जातो.

आता आमच्या आत्याची हकिकत. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ती सर्वांना "बरं हाय" सांगत होती. पण खोकत नव्हती, खाटेवरून उतरायला तयार नव्हती. हे वाईट. दुखते म्हणून पेशंट खोकला नाही तर छातीत कफ साठतो, चालला नाही तर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. १० पैकी किती, हे तिला उमगेना. शेवटी भाचीने विचारले, "आजी, रुपयातले किती आणे दुखतंय?"

आत्या म्हणाली, "बारा आणे, पोरी. पर कुनाला सांगू नगंस, घरी सोडायचे न्हाईत."

भाचीने ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगितले. त्यांनी लिहून घेतले, डॉक्टरांना विचारून औषध दिले आणि तासाभराने स्वतः येऊन पुन्हा विचारले. "चार आणे." संध्याकाळी आत्या आमच्या हाताला धरून व्हरांड्यात चार पावले चालली.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या ज्या मुली नर्सिंग शिकत आहेत त्यांनी एवढे पाठ करावे : विचारावे, मोजावे, लिहावे, औषधानंतर पुन्हा विचारावे. आणि पेशंटजवळ बसणाऱ्या आपण "सोस जरा" म्हणण्याआधी किती आणे ते विचारावे, आणि तो आकडा सिस्टरपर्यंत पोचवावा.