पूर ओसरल्यावर : लाडज बेटापासून घ्यावयाचा धडा

गोंडपिपरी तालुक्याच्या एका बाजूस वर्धा व दुसऱ्या बाजूस वैनगंगा वाहते. पुढें ह्या दोघींचा संगम होऊन प्राणहिता होते व ती गोदावरीस मिळते. तेव्हां पूर म्हणजे काय, हें येथील वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. 2020 च्या ऑगस्टांत वैनगंगेनें व 2022 च्या जुलैंत वर्धेनें तें पुरतें शिकविलें आहे. परंतु पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यानें काय करावें, हा निराळा विषय आहे. त्याचा विचार आज एका लहान गांवाच्या उदाहरणानें करूं.

1. काय घडलें

ब्रह्मपुरी तालुक्यांत लाडज नांवाचें गांव आहे. त्याच्या चोहों बाजूंनीं वैनगंगा आहे. समुद्र शेंकडों कोस दूर असतां हें गांव बेटच होय. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्यप्रदेशांत नदीच्या वरच्या खोऱ्यांत अतिवृष्टि झाली. गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले, व सेकंदाला सुमारें 30,000 घनमीटर पाणी खालीं सुटलें. 1994 नंतर असा पूर लोकांनीं पाहिला नव्हता. पाऊस एका प्रांतांत पडला, पूर दुसऱ्यांत आला. लाडज व कांठचीं पुष्कळ गांवें वेढलीं गेलीं, आणि राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या नावांतून माणसांस बाहेर काढावें लागलें. तें वर्ष महामारीचें असल्यामुळें अनेकांस एका छपराखालीं ठेवणेंहि अवघड होतें.

2. पहिला आठवडा : विहीर

पुरानंतर मनुष्य प्रथम घराकडे पाहतो. परंतु घराच्याहि आधीं विहिरीकडे पाहिलें पाहिजे. पुराचें पाणी उकिरडा, शौचकूप व मेलेलीं जनावरें ह्यांवरून येऊन विहिरींत उतरतें, आणि हगवण व कावीळ तेथूनच पसरतात. म्हणून गढूळ पाणी उपसून गाळ काढावा, व नवें पाणी आल्यावर ब्लीचिंग पावडर टाकावी. स्वच्छ पाण्याच्या 1,000 लिटरांस चांगली पावडर सुमारें अडीच ग्राम लागते, व टाकल्यावर निदान एक तास पाणी भरूं नये. पाणी गढूळ असल्यास प्रमाण आरोग्यसेवकास विचारूनच ठरवावें, आणि तोंवर पाणी उकळून प्यावें. दहा तरुणांनीं एक विहीर उपसून दिली, तर ती मदत दहा गाठोडीं जुन्या कपड्यांपेक्षां मोठी आहे.

3. पहिला महिना : पंचनामा

नुकसानीची भरपाई पंचनाम्यावर अवलंबून असते. ज्यांस आपण तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक म्हणतों, ते मिळून तो करितात. आणि पिकाची हानि 33 टक्के वा अधिक असली तरच शेतकरी मदतीस पात्र ठरतो. येथेंच गरिबाचा घात होतो. जो दुसऱ्याचें शेत ठेक्यानें करितो त्याचें नांव सातबाऱ्यावर नसतें. पीक त्याचें वाहून जातें, पैसा मालकाच्या खात्यांत जमा होतो. जिच्या पतीच्या मागें फेरफार झालाच नाहीं त्या विधवेची, व ज्याचे कागदच पुरांत गेले त्याची, गति हीच. म्हणून गांवांतील लिहितां-वाचतां येणाऱ्यांनीं घरोघर जाऊन यादी करावी, अर्ज लिहून द्यावे, व पंचनाम्याच्या दिवशीं अशा लोकांसोबत शेतावर उभें राहावें. मालकाची व ठेकेदाराची गांठ घालून, भरपाईंतून कष्ट करणाऱ्यास वांटा मिळेल असें पाहावें. ह्यास पैसा लागत नाहीं. वेळ व धैर्य लागतें.

4. पहिला हंगाम : बियाणें

ऑगस्टअखेर रोवलेलें धान बुडालें कीं तें पुन्हां रोवण्याची वेळ उरत नाहीं. परंतु नदी जातांना शेतांत ओल ठेवून जाते. जेथें वाळू न बसतां गाळ बसला, तेथें हरभरा, जवस, लाखोळी हीं पिकें त्या ओलीवर येतात. ओल मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. बियाणें वेळेवर हातीं आलें तर घराचें वर्ष निभतें. पेरणी सरल्यावर आलें तर तें पोत्यांतच राहतें, आणि शेतकरी सावकाराच्या दारीं जातो. तशीच गोष्ट तणशीची. धान गेलें म्हणजे बैलांचा वर्षाचा चाराहि गेला. ज्या गांवांस पूर लागला नाहीं त्यांनीं पैशाऐवजीं गाडीभर तणीस पाठविली, तर बैल विकावे लागणार नाहींत. आणि बैल राहिले तर शेती राहते.

कोंकणांत 3 जून 2020 रोजीं आलेल्या निसर्ग वादळानें रायगड जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवीं झाडें फळास येण्यास पांच-सात वर्षें लागतात. तेव्हां मदत किती दिवस करावी हें वर्तमानपत्रांनीं नव्हे, पिकानें ठरवावें.

5. गांवाचें ऐकावें

बाहेरचा मनुष्य सहज म्हणतो, “हे लोक बेट सोडून कां जात नाहींत?” ज्यानें हें विचारिलें त्यानें त्यांची जमीन पाहावी. गाळाची माती व पिढ्यांचें घर हीं सुटत नाहींत. जावें कीं राहावें, हें त्यांच्या ग्रामसभेनें ठरवावें; शेजाऱ्यानें दोन्ही निर्णयांत साह्य करावें. मदत देतांना मंडळीचा कीं बाहेरचा, ह्या जातीचा कीं त्या, हें पाहूं नये. पाणी कोणाच्या घरीं किती चढलें, एवढेंच पाहावें.

6. पुढील पुराआधीं

ओरिसांत 1999 च्या चक्रीवादळांत सुमारें 10,000 माणसें मेलीं. त्याच किनाऱ्यावर 2013 सालीं फायलिन वादळ आलें, तेव्हां जवळजवळ 10 लाख लोक आधींच हलविले गेले, व मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. वारा तसाच भयंकर होता; फरक तयारीनें पडला. धरणाचें पाणी सुटल्याची वार्ता कोणी कोणास सांगावी, म्हाताऱ्यांस कोणी उचलावें, नाव कोणाची, हें उन्हाळ्यांतच ठरवून ठेवावें.

विचारासाठीं प्रश्न

(1) आपल्या गांवांत ठेक्यानें शेती करणारीं घरें किती, व त्यांचीं नांवें कोणाजवळ लिहिलेलीं आहेत?
(2) पूर आल्यास पहिली विहीर कोणती उपसावी, व कोणी?
(3) शेजारच्या गांवास पाठवितां येईल असें बियाणें वा तणीस आपण किती राखून ठेवूं शकूं?