मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यास सोबत कोठे मिळेल?

मालवण किनाऱ्यावरील ज्या कलमबागा व माडबागा तीन पिढ्यांच्या कष्टाने उभ्या राहिल्या, त्यांतील काही कीड अगर वादळामुळे नव्हे, तर कर्त्या पुरुषाच्या मद्यपानापायी दुसऱ्याच्या नावावर चढल्या, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. काजूच्या हंगामात हुर्राक, माडावरची माडी आणि बांद्यापलीकडे गोव्याची स्वस्त दारू, असा आपल्या जिल्ह्याचा शेजार आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा कागदोपत्री आजही जिवंत आहे. त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

अशा माणसासाठी आपल्याकडे रूढ उपाय एकच. देवळात नेऊन गाऱ्हाणे घालावयाचे आणि शपथ घ्यावयास लावावयाची. शपथेची थट्टा आम्ही करीत नाही. पुष्कळांचा निश्चय तिनेच प्रथम जागा होतो. परंतु आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराने अशी शपथ घेऊन रोजची दारू एका दिवसात तोडली. तिसऱ्या रात्री त्यास भ्रम झाला, हातपाय कापू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले. घरच्यांनी देवचाराची बाधा मानून भगतास बोलाविले, आणि आम्हीही त्यांस अडविले नाही. सकाळी रुग्णालयात नेला म्हणून तो वाचला. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबल्यास पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते व दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास असा वातभ्रम होऊ शकतो. तो प्राणघातकही ठरतो. यास्तव अशा माणसाने दारू सोडावयाची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात प्रथम विचारावे.

शरीरातील दारू आठ-दहा दिवसांत उतरते. मनातील उतरत नाही. तेथे सोबत लागते. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरदलाल व डॉ. बॉब स्मिथ हा शल्यवैद्य, दोघेही मद्यपी, एकमेकांस भेटले. आपले दुःख तशाच दुसऱ्यास सांगितले असता पिण्याची ओढ आवरते, असे त्यांस आढळले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे अनामिक मद्यपींचा मेळ, निघाला. मुंबईत तो १९५७ साली आला. सभासद होण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव विचारीत नाहीत. सभेत कोणी उपदेश करीत नाही. जो तो आपलीच हकीकत सांगतो. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास व दहा हजारांवर माणसे यांचा आढावा घेतला. या मेळाशी रुग्णास पद्धतशीर जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्ती टिकविण्यात इतर रूढ उपचारांहून सरस ठरले.

पुण्यात १९८६ साली अवचट दांपत्याने पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे सुमारे पाच आठवडे राहून उपचार होतात, पुढे पाठपुरावा चालतो, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा निराळा गट आहे. ही शेवटची गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. नवरा पितो तेव्हा सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, गड्यांची मजुरी आणि गावापुढची अब्रू ही तिन्ही बायकोच सांभाळते. तिला कोण विचारतो?

आता शोध कसा करावा? सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची व १४४१६ ही मानसिक आरोग्याची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तेथे तालुक्याचे नाव सांगून जवळचे केंद्र व सभा विचारावी. गोव्यात सभा भरतात, मुंबईत तर मराठीतही. चतुर्थीस गावी आलेल्या चाकरमान्यांत एखादा असा असतो की जो चार वर्षांपूर्वी पीत होता आणि आता नुसता चहा घेतो. त्यास चारचौघांत नव्हे, परड्यात बाजूस नेऊन विचारावे. आपल्या वाडीत कोण कोठे जातो हे लपत नाही. म्हणून मालवणच्या माणसाने कुडाळ वा कणकवलीकडे चौकशी केली तरी त्यात भ्याडपणा नाही. दूरध्वनीवरून भरणाऱ्या सभाही आहेत, पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज व संपर्क यांचा भरवसा तो काय!

जवळ सभा नसेल तर? दोन मद्यपी सोडण्याच्या इच्छेने एकत्र बसले की मेळाच्या नियमाप्रमाणे गट झाला. त्यांस हवी असते ती एक खोली, आठवड्यातून एकदा, दीड तास. वाचकांपैकी ज्यांच्या हाती सोसायटीची कचेरी अगर शाळेची खोली आहे, त्यांनी ती द्यावी. मात्र देणगी देऊ करू नये. मेळ बाहेरचा पैसा घेत नाही, आपसांत टोपी फिरवून खर्च भागवितो. माफक भाडे मात्र त्यांच्याकडून जरूर घ्यावे. खोली गुत्त्याच्या वाटेवर नसावी, सभेची वेळ शेवटच्या एस. टी.च्या आधी संपणारी असावी, आणि किल्ली देणाऱ्याने आत कोण बसले आहे हे पाहावयास थांबू नये.