वर्दीत आहेस तोवर पदवी घे

अरे, परवा फोनवर म्हणालास, "ताई, अजून चार वर्षं आहेत. बघू पेन्शनीला आल्यावर." ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून निवांत बसून लिहितेय. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस आणि तेवढ्यात मागून कुणीतरी रोल कॉलची आठवण करून देतं.

आमच्या अभ्यासकेंद्रावर फौजी येतात ते बहुतेक पेन्शन सुरू झाल्यावर, चाळिशीच्या आसपास. तोवर घराचं बांधकाम काढलेलं असतं, पोरांची दहावी-बारावी तोंडावर असते, आईवडिलांची दुखणी असतात. शिवाय 'आता तू मोकळाच आहेस' म्हणून गावानं यात्रेच्या आणि सोसायटीच्या कामाला जुंपलेलं असतं. प्रवेश घेतात, पुस्तकं नेतात, आणि परीक्षेला काही येत नाहीत. नोकरीत तुला वेळ नसतो, हे मी नाकारत नाही. पण तिथं दिवस आखलेला असतो, सोबतीला फॉर्म भरणारा एखादा जोडीदार मिळतो, अडलं तर युनिटातल्या एज्युकेशन हवालदाराला विचारता येतं. गावात यातलं काही नसतं.

'पंधरा वर्षं भरली की ग्रॅज्युएट धरतातच की,' हे तुझं म्हणणं अर्धंच खरं आहे. दहावी पास आणि 15 वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट 'क'च्या पदांसाठी पदवीची अट पूर्ण झाली असं मानतात, तेही जिथं तांत्रिक किंवा व्यावसायिक कामाचा अनुभव लागत नाही तिथंच. ती सवलत हक्काची आहे, जरूर घे. पण तेवढ्यावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही, बी.एड. होत नाही, यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला बसता येत नाही. खासगी कंपनीतला माणूस तर सरळ मार्कशीट मागतो. तुझ्यासारख्या, तीस-तीस पोरं सांभाळलेल्या माणसाला त्या एका कागदापायी गेटवरची नोकरी धरावी लागते, याचा मला फार राग येतो.

घरबसल्या पदवीला किंमत नाही, हेही डोक्यातून काढून टाक. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीनं 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. फक्त पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही आहेत का ते बघायचं. इंजिनिअरिंग, नर्सिंग, वकिली यांची पदवी अशा पद्धतीनं देताच येत नाही. 'एका वर्षात पदवी, परीक्षेला यायची गरज नाही' असं सांगणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभा राहू नकोस. फंडाच्या पैशावर अशांचा डोळा असतो.

इग्नूचं जाळं देशभर आहे, त्यामुळे बदली कुठंही झाली तरी चालतं. परीक्षा जून आणि डिसेंबरला, आणि केंद्र दर वेळी परीक्षेच्या फॉर्मवर निवडता येतं. सुट्टी तेव्हा मिळाली तर साताऱ्याजवळचं केंद्र टाक, नाहीतर युनिटच्या जवळचं. मराठीतून लिहायचं असेल तर आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच. चीनच्या युद्धानंतर संरक्षण खातं सांभाळायला दिल्लीला गेलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं ते विद्यापीठ, फौजीनं तिथं शिकावं हे मला मनापासून भावतं. तुझ्याबरोबरच्या ज्यांची बारावी राहिलीय, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची वाट दाखव.

आता जिथं फौजी हमखास अडकतात ते सांगते. पहिली अडचण ओटीपीची. हल्ली प्रवेशाला यूजीसीच्या त्याच दूरस्थ शिक्षण विभागाचा डेब आयडी लागतो, त्यासाठी क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी, तो डिजिलॉकरमधून निघतो आणि त्याचा ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तू चौकीवर, फोन रेंजबाहेर, इकडे तुझी बायको सारिका सायबर कॅफेत बसून मेसेजची वाट बघणार आणि दहा मिनिटांत ओटीपी बाद होणार. म्हणून हे दोन्ही आयडी सुट्टीत घरी असतानाच काढून ठेव. प्रवेशाच्या फॉर्मवर मात्र सारिकाचा नंबर टाक, म्हणजे स्वाध्यायाची तारीख, हॉल तिकीट, सगळं तिला कळेल.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि रेकॉर्ड ऑफिसला स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. नोकरीत असताना हे युनिटातून अर्ज करून दुरुस्त होतं, नंतर हेलपाटे घालावे लागतात. पदवी हाती आली की सर्व्हिस रेकॉर्डलाही तिची नोंद करून घे, नुसती पेटीत ठेवू नकोस.

अभ्यासाचं म्हणशील तर रोज पाऊण तास पुरे. सुट्टीवरून परत निघताना व्हिडिओ तासिका फोनमध्ये उतरवून घे. 'स्वयम्'वर त्या फुकट मिळतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका छापून काळ्या पेटीत टाक. रात्रीच्या गार्डवरून आल्यावर जाड पुस्तक उघडवत नाही, पण एक प्रश्न वाचून त्याचं उत्तर मनात जुळवता येतं. स्वाध्याय हातानं लिहायचे असतात, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.

आणि एक, हे जपूनच. ऑनलाइन वर्गाच्या ग्रुपवर युनिटचं नाव, ठिकाण, वर्दीतला फोटो यातलं काही टाकायचं नाही. पत्ता घरचा, फोटो साध्या कपड्यातला. तिथं तू फक्त विद्यार्थी.

आत्याच्या अग्निवीर नातवालाही हे कळव. 2022 ला अग्निपथ योजना आली तेव्हाच ठरलंय की चार वर्षांनी चौघांतला फार तर एक अग्निवीर कायम होणार. पण त्याच्यासाठी सोय चांगली केलीय. इग्नूच्या खास पदवीत निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचेच धरतात, आणि दहावीवर भरती झालेल्यांना एनआयओएसकडून बारावी करता येते. त्याच्याकडे तुझ्याएवढी वर्षं नाहीत, त्यानं एक सत्रही वाया घालवू नये.

शेवटचं सारिकाबद्दल. लग्नामुळं तिचं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं, ते ती कधी बोलून दाखवत नाही. तुझा फॉर्म भरशील तेव्हा तिचाही भर. दोघांची पुस्तकं एकच, आणि तू लांब असताना फोनवर बोलायला घरखर्चापलीकडचं काहीतरी होईल.

वयाची अट नाही. जुलैचं सत्र हुकलं तर जानेवारीचं असतं. या सुट्टीत मार्कशीट आणि आधार घेऊन ये, फॉर्म आपण माझ्या टेबलावर बसून भरू.

तुझी,
ताई